चार मिनिटं बारा सेकंद

ऑगस्ट संपत आला. स्वान्सीचा समुद्र
पुसून ठेवलेल्या पाटीसारखा करडा,
आणि मी गेल्या वर्षीचा ऑनलाइन कोर्स उघडून बसले आहे,
घर विकण्याआधी कपाटं उघडावीत तशी.

अकरा आठवडे, बावीस व्हिडिओ,
प्रत्येक पन्नास मिनिटांचा.
पन्नास का?
वर्गातला तास पन्नास मिनिटांचा असतो म्हणून.
एवढंच.

यंत्राने ठेवलेली हजेरी चाळते.
नेरिस प्रोबर्ट. व्हिडिओ तिसरा, प्रमाण विचलन.
सोमवार, सकाळी सहा बेचाळीसला सुरू,
चार मिनिटं बारा सेकंदांवर बंद.
मंगळवार, सहा बेचाळीस. चार मिनिटं नऊ.
गुरुवार, पुन्हा तेच. चार चौदा.
तेव्हा तिच्या नावापुढे मी शेरा मारला होता :
सातत्य नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी तिची ईमेल.
आधी तब्येत, मग वायफाय, मग सॉरी, परत सॉरी.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी अगदी शेवटच्या ओळीत,
तीही कंसात.

परवा मी ती बस पकडली.
सहा चाळीसची, खोऱ्यात वर चढणारी.
एक पोस्टमन, झोपलेल्या दोन बायका,
गणवेशावर कोट चढवलेल्या.
आणि फोनवर मी, माझ्याच वर्गात
पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून शिरणारी.

पासवर्ड दोनदा विचारला.
तिसरा आठवडा सापडेना.
तो 'साहित्य'मध्ये नव्हता, 'इतर साहित्य'मध्ये होता,
त्यातही 'नवीन अंतिम दोन' नावाच्या फोल्डरात.
हे बारसं माझंच.
तक्त्यातली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.
खाली यंत्राने आपोआप लिहिलेली वाक्यं :
मी म्हणते व्हेरिअन्स,
उमटतं फेअरी आन्ट्स.
पऱ्यांच्या मावश्या!
इदिलला ऐकू येत नाही.
तिने सबंध सत्र
पऱ्यांच्या मावश्यांचं वर्गमूळ काढलं
आणि पासही झाली, माझं काही न बिघडवता.

मग जुन्या खाणीपाशी वळण आलं,
डोंगर आडवा आला,
आणि मी थांबले.
म्हणजे पडद्यावरची मी :
तोंड उघडं, उजवा हात हवेत,
'आता बघा, सरासरीपासून कोण किती लांब'
इथपर्यंत आलेली.

अकरा मिनिटं रेंज नव्हती.
अकरा मिनिटं मी माझ्या उघड्या तोंडासमोर बसून होते.
कुणीतरी खोकलं. काचेवर धुकं.
वाक्य पुरं झालं ते पेट्रोल पंपापाशी,
तिथे त्या दोघी उतरल्या,
डोळे चोळत.
त्यांतली एखादी नेरिस असेल का,
मला तिचा चेहराही माहीत नाही.
वर्षभर ती माझ्यासाठी
राखाडी वर्तुळातली दोन अक्षरं होती.

आता कापते आहे.
'आपण मागच्या वेळी पाहिलं' काढलं,
घसा खाकरणं काढलं, मग एक परत ठेवलं.
फाइल उतरवून घेता येते, रेंज नसली तरी चालते.
रविवारी मध्यरात्रीची मुदत
मंगळवारी दुपारवर नेली.
मावश्यांना हाताने, एकेक करून, निरोप दिला.

ग्विल्यम डोकावला. म्हणाला, तुकडे सहा मिनिटांचे चालतील की.
म्हटलं, चारच.
का?
म्हटलं, पुढे डोंगर आहे.
तो हसला, त्याला वाटलं
मराठीतली एखादी म्हण असावी.

नेरिसने जूनमध्ये नाव काढून घेतलं.
फॉर्मवर कारणाच्या चौकटीत
एक आडवी रेघ, पेनाने, सरळ.

पहिला तुकडा आत्ता चढवला.
तीन मिनिटं अठ्ठावन्न.
वळणाच्या थोडा अलीकडे.